नोंदवहीतच ठेवलेला ऐवज

बिल्ड सर्व्हिसमध्ये प्रत्येक जॉबची स्वतंत्र लॉग फाइल असते. कोड कुठून आणला, कोणत्या लायब्ररी उतरवल्या, कोणती टेस्ट पडली, हे सगळं तिच्यात ओळीओळीने उतरतं आणि प्रत्येक ओळीच्या डोक्यावर सेकंदाच्याही बारीक तुकड्यापर्यंतची वेळ असते. जॉब हिरवा झाला की ती फाइल कुणी उघडत नाही. लाल झाला तर तळाच्या वीस-पंचवीस ओळी बघायच्या, चूक सापडली की टॅब बंद करायचा. पुण्यात बसून मी अनेक वर्षं हेच काम करतो, आणि खरं सांगायचं तर एखादा लॉग पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची वेळ माझ्यावर आली ती १५ मार्च २०२५ च्या सकाळी.

आदल्या रात्री हजारो रेपॉझिटरींमध्ये चोराचा कोड चालण्याची सोय झाली होती. चोराने ऐवज बाहेर नेला नाही, कुठल्या परक्या सर्व्हरवर पाठवला नाही. ज्याच्या घरी चोरी केली त्याच्याच लॉगमध्ये तो लिहून ठेवला.

ही गोष्ट तासांची आहे, म्हणून तासांनीच सांगतो. वेळा यूटीसीमधल्या आहेत, कारण गिटहबचे लॉग त्याच वेळेत लिहिले जातात. आपल्या घड्याळासाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे.

२८ नोव्हेंबर २०२४ : साडेतीन महिने आधी

सुरुवात इतकी साधी आहे की वाचताना हात थरथरतो, कारण हे मीही केलं आहे. स्पॉटबग्ज हा जावा कोडमधल्या चुका शोधणारा जुना, भरवशाचा ओपन सोर्स प्रकल्प. त्याच्याच घरातल्या सोनार-फाइंडबग्ज नावाच्या रेपॉझिटरीत एका मेंटेनरला बिल्ड चालवताना अडचण येत होती. ती दूर करायला त्याने स्वतःचं पर्सनल अ‍ॅक्सेस टोकन वर्कफ्लोमध्ये लावलं. असं टोकन म्हणजे स्वतःच्या घराची किल्ली. तो माणूस जिथे जिथे जाऊ शकतो, तिथे तिथे ते टोकनही जाऊ शकतं.

६ डिसेंबरला एका अनोळखी खात्यावरून तिथे एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती, आली. त्या वर्कफ्लोला ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ हा ट्रिगर होता. या ट्रिगरचा धोका असा, की बाहेरच्या माणसाने पाठवलेल्या बदलासाठी घरातल्या गुपितांसह जॉब सुरू होतो. त्यात बाहेरचा कोडही चालवला, तर किल्ली परक्याच्या हाती गेलीच म्हणून समजा. तशी ती गेली. मग तीन महिने काहीच घडलं नाही. हा दुवा सापडला तोही सगळं होऊन गेल्यावर, पालो अल्टो नेटवर्क्सच्या युनिट ४२ या पथकाने धागा उलटा ओढत नेला तेव्हा.

११ मार्च २०२५, संध्याकाळी ६.४२ : सुमारे ७० तास आधी

चोराने जपून ठेवलेली किल्ली ११ मार्चला बाहेर काढली. तिच्या जोरावर एका नव्या खात्याला स्पॉटबग्जच्या मुख्य रेपॉझिटरीत आत घेतलं गेलं. त्या खात्याने एक वर्कफ्लो घुसवला आणि तिथली सगळी गुपितं उचलली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: ही गुपितं चोराने एन्क्रिप्ट केली होती, स्वतःच्या किल्लीनेच उघडतील अशी. म्हणजे ऐवज झाकून ठेवण्याची अक्कल त्याच्याजवळ पुरेपूर होती. तीन दिवसांनी त्याने तसं केलं नाही.

उचललेल्या गुपितांत आणखी एका मेंटेनरचं टोकन होतं, आणि त्याला रिव्ह्यूडॉग या दुसऱ्या प्रकल्पातही लिहिण्याचा अधिकार होता. रिव्ह्यूडॉग कोड तपासणाऱ्या साधनांचे शेरे पुल रिक्वेस्टवर आणून चिकटवतो. त्याच्या ‘अ‍ॅक्शन-सेटअप’ या छोट्या तुकड्याचा ‘व्ही१’ हा टॅग ६.४२ ला हलवला गेला.

टॅग म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. चिठ्ठीवर ‘हळद’ लिहिलं आहे म्हणून आपण डोळे झाकून डाव बुडवतो, आत काय आहे ते रोज कुणी बघत नाही. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये जगभरचे लोक दुसऱ्यांचे तुकडे असेच चिठ्ठी वाचून वापरतात. पण ती चिठ्ठी काढून दुसऱ्या डब्यावर लावता येते, आणि लावली तर वापरणाऱ्याला कळवायला कुणी येत नाही. डब्याचा खरा पत्ता वेगळा असतो, कमिटचा चाळीस अक्षरी हॅश. तो लिहून ठेवला तर डबा बदलता येत नाही. पण चाळीस अक्षरं कोण लिहितं?

८.३१ ला चिठ्ठी पुन्हा जागेवर गेली. मध्ये एक तास एकोणपन्नास मिनिटं. तेवढ्या वेळात ज्या कुणाचा जॉब हा तुकडा वापरून चालला, त्याच्या लॉगमध्ये एक लांबलचक, निरर्थक दिसणारी ओळ उमटली.

त्यातला एक जॉब टीजे-अ‍ॅक्शन्सच्या घरचा होता. त्यांचं ‘चेंज्ड-फाइल्स’ हे साधन एवढंच सांगतं की या बदलात कोणकोणत्या फाइलींना हात लागला. मोठ्या प्रकल्पात सगळ्या टेस्ट दर वेळी चालवणं परवडत नाही, म्हणून हे साधन तेवीस हजारांहून जास्त रेपॉझिटरींमध्ये बसलेलं होतं. त्याचा स्वतःचा बिल्ड टीजे-अ‍ॅक्शन्सचंच दुसरं एक साधन वापरत होता, आणि ते साधन रिव्ह्यूडॉगचा ‘व्ही१’. दोन घरं सोडून तिसऱ्या घरात बदललेली चिठ्ठी, आणि इकडे टीजे-अ‍ॅक्शन्सच्या बॉट खात्याचं टोकन लॉगमध्ये. लॉग सार्वजनिक. चोराने तो उघडला, ओळ उचलली.

मेंटेनरने तो लॉग त्या रात्री वाचला असता तर? वाचायचं काही कारणच नव्हतं, आणि याच गोष्टीने मला आजही अस्वस्थ वाटतं. आपण लॉग जपून ठेवायची व्यवस्था केली, शोधायची केली, पण कुणी ठरवून वाचावा अशी व्यवस्था कधी केलीच नाही.

१२ आणि १३ मार्च : शांततेचे तास

या दोन दिवसांत चोर तयारी करत होता. वेगवेगळ्या तात्पुरत्या खात्यांवरून त्याने कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीच्या ओपन सोर्स रेपॉझिटरींचे फोर्क, म्हणजे स्वतःच्या खात्यातल्या प्रती, काढले. इकडे आपल्याकडे १३ तारखेला होळ्या पेटल्या.

या शांततेत एक जुनी गोष्ट सांगून घेतो, कारण लॉगमधून गुपितं गळतात हे मार्च २०२५ ला पहिल्यांदा कळलं असं कुणी समजू नये. ट्रॅव्हिस सीआय ही ओपन सोर्सवाल्यांची एके काळची आवडती बिल्ड सर्व्हिस. तिथे प्रत्येक जॉबच्या लॉगला एक क्रमांक असायचा, आणि क्रमांक ओळीने वाढत जायचे. एपीआयला क्रमांक दिला की लॉग मिळायचा. म्हणजे कुणाचा प्रकल्प, कुठला देश, काही माहीत नसलं तरी चालायचं, नुसते आकडे मोजत जायचं. अ‍ॅक्वा सिक्युरिटीच्या संशोधकांनी जून २०२२ मध्ये हे मांडलं तेव्हा अशा पोहोचण्याजोग्या लॉगची संख्या होती ७७ कोटींहून जास्त, सगळ्यात जुना जानेवारी २०१३ चा. त्यांनी एक छोटा हिस्सा तपासला आणि हजारोंनी टोकनं, पासवर्ड, क्लाउडच्या किल्ल्या मिळाल्या.

नऊ वर्षांचे लॉग. त्यातले बहुतेक त्यांच्या मालकांनीही पुन्हा कधी उघडले नसतील. पण पुसायचे कुणी, हा प्रश्न आला की सगळे गप्प. डिस्क स्वस्त झाली आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ हा घरातल्या माळ्याचा नियम सर्व्हरलाही लागू झाला. जुन्या पेपरच्या रद्दीचं एक बरं, ती निदान जागा अडवते म्हणून डोळ्यात खुपते. लॉग खुपत नाहीत.

१४ मार्च, दुपारी ३.१० : दोन तासांहून कमी वेळ आधी

पहिला नेम कॉइनबेसवर होता. त्यांच्या एजंटकिट या रेपॉझिटरीतला एक वर्कफ्लो चेंज्ड-फाइल्स वापरत होता. ३.१० ला तिथे लिहिण्याचा अधिकार असलेलं टोकन चोराच्या हाती लागलं. पण त्यांनी वेळेत तो वर्कफ्लो काढून टाकला आणि पुढचं नुकसान टळलं.

मग काय झालं असेल ते चोराच्या मनात शिरल्याशिवाय सांगता येणार नाही. घडलं ते इतकंच दिसतं: नेमका साधलेला नेम चुकला, आणि त्यानंतर त्याने सरसकट सगळ्यांवर हात टाकला.

१४ मार्च, दुपारी ४ ते ५ च्या दरम्यान

चेंज्ड-फाइल्सचे जुने-नवे टॅग, अगदी ‘व्ही१’ पासून ‘व्ही४५.०.७’ पर्यंत, एकाच कमिटकडे वळवले गेले. कमिटवर नाव रेनोव्हेट या बॉटचं घातलं होतं. हा बॉट लायब्ररींच्या आवृत्त्या वाढवण्याचं रुक्ष काम करतो आणि त्याच्या कमिटकडे कुणी मान वर करून बघत नाही.

त्या कमिटने काय केलं ते जवळून बघण्यासारखं आहे, कारण सगळी मेख तिथेच आहे.

कोड आधी बघायचा, मशीन लिनक्स आहे का. नसेल तर गुपचूप बाहेर. असेल तर एका गिस्टवरून, म्हणजे गिटहबवर ठेवलेल्या कोडच्या चिटोऱ्यावरून, पायथॉनची छोटी स्क्रिप्ट उतरवायची. ही स्क्रिप्ट एका सुरक्षा-संशोधकाने आधी कधीतरी लिहून उघड ठेवलेली होती. ती ‘सुडो’ लावून चालवायची. गिटहबच्या लिनक्स रनरवर, म्हणजे जॉब चालवणाऱ्या यंत्रावर, सुडोला पासवर्ड लागत नाही. स्क्रिप्ट ‘रनर वर्कर’ नावाची प्रोसेस शोधायची. हीच प्रोसेस जॉब चालवते, आणि त्या जॉबला लागणारी गुपितं तिच्याकडे आधीच येऊन पडलेली असतात. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ डिरेक्टरीतून चालत्या प्रोसेसची मेमरी फाइलसारखी वाचता येते. ती पूर्ण वाचायची आणि ‘ग्रेप’ लावून तिच्यातून ठरावीक घाटाचे तुकडे वेचायचे: नाव, मग किंमत, मग ‘हे गुपित आहे : होय’ अशी खूण. रनरने गुपित झाकता यावं म्हणून स्वतःच लावलेली ही खूण. चोराने तिचाच पत्ता म्हणून उपयोग केला.

आता हे तुकडे लॉगमध्ये नुसते छापले असते तर काही उपयोग झाला नसता. लॉगमध्ये जाणारी प्रत्येक ओळ रनर एका चाळणीतून काढतो, आणि माहीत असलेलं गुपित दिसलं की त्याच्या जागी तीन चांदण्या ठेवतो. लॉगमध्ये त्या चांदण्या दिसल्या की आम्हा लोकांना केवढा दिलासा वाटतो! चाळणी करणाऱ्यांनी विचारही बराच केलेला आहे. गुपित बेस-६४ मध्ये बदलून छापलं तर ते रूपही ती ओळखते, बेस-६४ मधली अक्षरं एक-दोन जागा सरकली तरी ओळखते, यूआरएलमध्ये किंवा जेसनमध्ये घालताना होणारे बदलही ओळखते.

म्हणून चोराने बेस-६४ दोनदा केलं. एकदा गुंडाळलं, मग तेच पुन्हा गुंडाळलं. दुसऱ्या घडीनंतर चाळणीच्या ओळखीचं एकही अक्षर उरलं नाही. मग ‘एको’ आणि काम संपलं.

बेस-६४ हे कुलूप नव्हे, नुसता कागद. दोनदा उलगडला की आतला मजकूर जसाच्या तसा. तीन दिवसांपूर्वी याच माणसाने ऐवज कुलपात ठेवला होता. या वेळी त्याने तो उघड्यावर ठेवला, ज्याला सापडेल त्याचा. सार्वजनिक रेपॉझिटरीचा लॉग गिटहबवर खातं असलेला कुणीही उघडू शकतो. म्हणजे जिथे जिथे हा जॉब चालला तिथे चोर एकच होता, पण उचलणारे किती असतील याला धरबंद उरला नाही.

१४ मार्च, आपल्या घड्याळात रात्री साडेनऊनंतर

शुक्रवार होता, धुळवड. दिवसभर सोसायटीत रंग चालला होता. संध्याकाळी नळाखाली मुलांच्या कानामागचा गुलाबी रंग घासून घासून जात नव्हता. ऑफिसला सुट्टी.

पण सुट्टी आपल्याला. आमच्या कंपनीचा एक गट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बसतो आणि त्यांच्याकडे तेव्हा दुपार होती. ते पुल रिक्वेस्ट काढत होते, कोड ढकलत होते, जॉब हिरवे होत होते. हिरवे होत होते हे मुद्दाम सांगतो. त्या कमिटने कुणाचाही बिल्ड मोडला नाही. चेंज्ड-फाइल्सने आपलं नेमून दिलेलं काम केलं, बदललेल्या फाइलींची यादी बिनचूक दिली, आणि जाता जाता एक ओळ जास्त छापली. लाल दिवा लागला असता तर कुणीतरी लॉग उघडला असता.

त्यानंतरचे काही तास

हे उघडकीला आलं ते लॉग वाचून नव्हे. स्टेपसिक्युरिटी या कंपनीचं हार्डन-रनर हे साधन जॉब चालताना तो कुठल्या कुठल्या पत्त्यांशी बोलतो त्यावर नजर ठेवतं. रोजच्या जॉबमध्ये कधी न दिसलेला एक पत्ता एकाएकी दिसू लागला, गिस्टचा. बदललेल्या फाइली मोजणाऱ्या साधनाला गिस्टशी काय करायचं? तिथून त्यांनी माग काढला, चेंज्ड-फाइल्सच्या रेपॉझिटरीत जाहीर इशारा लिहिला आणि जगाला कळवलं.

चोराने आत आणण्यासाठी एकदाच बाहेरचं दार वाजवलं आणि तेवढ्याने तो दिसला. बाहेर नेण्यासाठी त्याने दार वाजवलंच नाही. ती स्क्रिप्ट त्याने गिस्टवरून न आणता कमिटमध्येच चिकटवली असती, तर नेटवर्कवर पाळत ठेवणाऱ्याला दिसण्याजोगं काहीच राहिलं नसतं. लॉग गिटहबचा, लिहिणारा गिटहबचा रनर, वाचायला येणारा साधा ब्राउझर. हा विचार त्या शनिवारी मला आला आणि तेव्हापासून गेलेला नाही.

१५ मार्च, पहाटे : आपल्याकडे सकाळ

फोन वाजला तेव्हा चहा चुलीवर होता. टीममधली एक मुलगी, आमच्यात सगळ्यात नवी.

‘‘सर, चेंज्ड-फाइल्स आपण टॅगने घेतो का हॅशने?’’

मी गप्प झालो. उत्तर मला माहीत होतं.

‘‘तीन रेपॉझिटरींमध्ये टॅगने आहे,’’ तीच म्हणाली. ‘‘मी बघितलं आत्ता. काल रात्री आपल्या वेळेने साडेनऊनंतर जॉब चाललेत. लॉग उतरवून घेऊ का?’’

दोघांनी दोन टोकांना बसून लॉगच्या झिप उतरवल्या. उलगडल्यावर प्रत्येक जॉबची एक टेक्स्ट फाइल. एरवी मी ‘एरर’ हा शब्द शोधून थेट तिथे उडी मारतो. त्या दिवशी शोधायचं होतं ते चूक नसलेलं काहीतरी, आणि त्याला आमच्याकडे शब्दच नव्हता. पहिल्या दोन फाइली मी डोळ्यांनीच वाचल्या. उबंटूची आवृत्ती, गिटची आवृत्ती, चेकआउट, कॅशे सापडली, कॅशे उतरवली. मग चेंज्ड-फाइल्सच्या पायरीत, दोन ओळखीच्या ओळींच्या मध्ये, ती.

पडद्याच्या उजव्या कडेबाहेर जाणारी एकच ओळ. मधे जागा नाही, विराम नाही. पुढे बाकीच्या फाइलींत ती पटकन कशी सापडेल ते आम्ही कागदावर मांडून काढलं. चोराच्या वेचणीत प्रत्येक तुकडा दुहेरी अवतरणचिन्हाने सुरू होतो. ते चिन्ह आणि त्यामागचं इंग्रजी अक्षर बेस-६४ मध्ये एकदा घातलं की पहिलं अक्षर ‘आय’ येतं आणि दुसरं ‘के’ ते ‘एन’ मधलं. तेच पुन्हा घातलं की सुरुवात दर वेळी ‘एस’ आणि ‘डब्ल्यू’ अशीच होते. मग शोध सोपा झाला: वेळेच्या शिक्क्यानंतर लगेच ‘एसडब्ल्यू’ आणि पुढे शंभराहून जास्त अक्षरं सलग.

सात जॉबमध्ये सापडली. मी एक ओळ घेतली, दोनदा उलगडली. गिटहबचं तात्पुरतं टोकन, त्याचा प्रश्न नव्हता, जॉब संपला की ते मरतं. त्याखाली पॅकेजं प्रसिद्ध करण्याचं टोकन. त्याखाली क्लाउडची किल्ली, जिच्यावर आमची अर्धी यंत्रं चालतात. एरवी लॉगमध्ये जिथे तीन चांदण्या असायच्या, तिथे पूर्ण किंमत, एका अक्षराचाही आडपडदा नाही.

आमच्या रेपॉझिटरी खाजगी होत्या, लॉग बाहेरच्याला दिसत नव्हता. पण आतले किती? कंपनीतले, करारावरचे, सोडून गेलेले पण खातं बंद करायचं राहिलेले. यादी काढली तेव्हा पहिल्यांदा कळलं, की आमच्या जॉबचे लॉग कोण वाचू शकतं हे आम्ही कधीच मोजलेलं नव्हतं. कोड कोणी बघावा यावर बैठका झाल्या होत्या. लॉगवर एकही नाही.

आधी किल्ल्या बदलायच्या का आधी लॉग पुसायचे, यावर फोनवर थोडी ओढाताण झाली. लॉग पुसला की मनाला बरं वाटतं, पण पुसण्याआधी कुणी उतरवून घेतला असेल तर उपयोग शून्य. म्हणून आधी किल्ल्या. आणि लॉग पुसण्याआधी त्याची एक प्रत बंद जागी ठेवायची, नाहीतर काय गळलं होतं याचा पुरावाच आपल्या हाताने नष्ट होतो. त्या मुलीने सगळं एका तक्त्यात मांडलं: जॉब, वेळ, गुपिताचं नाव, बदललं का, कोणी. दुपारपर्यंत तक्ता भरला. शेवटची किल्ली बदलली ती रंगपंचमीच्या आदल्या दिवशी, कारण ती एका जुन्या ग्राहकाच्या सर्व्हरवरही बसलेली निघाली आणि तिथे शिरायला त्यांच्या माणसाची परवानगी लागली.

१५ मार्च, दुपारी २ च्या सुमारास

गिटहबने चेंज्ड-फाइल्स हे साधनच बंद केलं. तो गिस्टही काढला गेला. आता ज्या ज्या वर्कफ्लोमध्ये हे साधन होतं ते धडाधड लाल पडू लागले, आणि आदल्या रात्रीपासून बेखबर असलेल्यांना तेव्हा बातमी लागली. रात्री १० च्या सुमारास रेपॉझिटरी स्वच्छ करून परत आणली गेली.

मोजदाद नंतर झाली. एंडॉर लॅब्जने सार्वजनिक रेपॉझिटरी तपासून सांगितलं, की त्यांतल्या २१८ रेपॉझिटरींच्या लॉगमध्ये गुपितं खरोखर उमटली होती, आणि त्यांतली बहुतांश तात्पुरती गिटहब टोकनं होती. तेवीस हजारांच्या भीतीपुढे हा आकडा लहान वाटतो. पण त्या यादीत असलेल्याला विचारा. शिवाय ती संख्या लहान राहिली ती लोकांचे लॉग नीट सांभाळलेले होते म्हणून नव्हे. त्या तासांत बहुतेकांचा जॉब चालला नाही, एवढंच.

१८ मार्च

अमेरिकेच्या सीसा या सरकारी सुरक्षासंस्थेने चेंज्ड-फाइल्सची ‘सीव्हीई-२०२५-३००६६’ ही नोंद प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या त्रुटींच्या यादीत घातली. रिव्ह्यूडॉगचा धागा वेगळ्या क्रमांकाने त्याच महिन्यात आला. आम्ही त्या आठवड्यात बाहेरचं प्रत्येक साधन चाळीस अक्षरी हॅशवर आणलं, लॉग ठेवण्याची मुदत कमी केली, आणि रोज रात्री सगळ्या जॉबचे लॉग चाळून अशी सलग लांब ओळ दिसली तर सांगणारी एक छोटी स्क्रिप्ट लावली. ती स्क्रिप्ट त्या नव्या मुलीनेच लिहिली. आमच्याकडे लॉगचा पहिला नियमित वाचक म्हणजे ती स्क्रिप्टच.

१२ जून

एक गोष्ट राहिली. आम्ही वापरत असलेल्या एका लहान लायब्ररीचा बिल्डही १४ मार्चच्या रात्री चालला होता. तिची रेपॉझिटरी सार्वजनिक, मेंटेनर एकटाच. शनिवारी संध्याकाळी मी तिचा लॉग उघडला तर तिथेही ती ओळ होती, ‘एसडब्ल्यू’ ने सुरू होणारी. मी ती उलगडली नाही. मेंटेनरला खाजगीत लिहिलं, कोणता जॉब, कोणती पायरी, आधी काय बदलायचं ते सविस्तर. उत्तर आलं नाही. आठवड्याने पुन्हा लिहिलं. एप्रिलमध्ये पुन्हा. दुसऱ्याच्या लॉगवरून एक अक्षर पुसायचा अधिकार मला नव्हता, आणि उघडपणे लिहावं तर जे अजून कुणाच्या नजरेला आलं नसेल ते मीच दाखवून दिल्यासारखं झालं असतं.

गिटहबवर कुणी वेगळं काही ठरवलं नसेल तर लॉग ९० दिवस राहतात. मी दिवस मोजून ठेवले होते. मे महिन्यात अधूनमधून ते पान उघडून बघायचो. ओळ तिथेच असायची, वेळेच्या शिक्क्यासकट. १२ जूनच्या रात्री उघडलं तेव्हाही होती. १३ तारखेला सकाळी ऑफिसला पोचल्यावर पुन्हा उघडलं. जॉबची हिरवी खूण तशीच होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, की या जॉबच्या लॉगची मुदत संपली आहे, तो आता उपलब्ध नाही.